मोजणीबाहेर

बाबांचा फोन आला तेव्हा ऑफिसात केक कापून झाला होता आणि कागदी बशा हातोहात फिरत होत्या. वाचनालयाची नवी वेबसाइट त्या सकाळी लोकांसाठी खुली झाली होती. पुस्तकं शोधायची आणि ऐकायची पानं मी केली होती, म्हणून मला कोपऱ्याचा, जास्त क्रीमचा तुकडा मिळाला होता.

"अगं, मावशी म्हणतात पान रिकामं आहे," बाबा म्हणाले.

"कुठलं पान?"

"तुझंच. वाचनालयाचं. दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा जरा दरडावून विचारलं. रिकामं म्हणजे रिकामं, म्हणाल्या."

मावशी म्हणजे बाबांच्या संगणकातला आवाज. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा तो एक जुना प्रोग्रॅम आहे. एकदा सुरू झाला की श्वास घेत नाही आणि न विचारलेलंही सांगतो, म्हणून बाबांनी त्याचं नाव मावशी ठेवलं. माझ्या खऱ्या मावशीला हे अजून माहीत नाही.

"जुन्या पत्त्यावर जा," मी म्हटलं. "महिनाअखेरीपर्यंत जुनी साइट चालू आहे. तोवर मी बघते."

"बघ बाई. मला घाई नाही. हातातलं पुस्तक अजून अर्धं आहे."

घाई नाही असं ते ज्या सुरात म्हणाले, तो सूर मी ओळखते. मी केक तसाच ठेवला.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. आयुष्यभर त्यांनी उंच इमारतींच्या डोक्यावरच्या खोल्यांत मोटारी, दोर आणि ब्रेक सांभाळले. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या आधी कडा नेल्या, मग मधला भाग. आई होती तोवर ती वाचून दाखवायची. ती गेल्यावर मी वाचायला लागले. महिनाभरात त्यांनीच मला थांबवलं. "तू दमून येतेस," ते म्हणाले. "तुझ्या आवाजात कळतं. कोणाकडून वाचून घ्यायचं म्हणजे त्याच्या सवडीने आपल्याला भूक लागायला हवी. ते मला जमायचं नाही."

मग ते वाचनालयाच्या ध्वनिपुस्तकांच्या विभागाचे सभासद झाले. कीबोर्ड शिकायला त्यांना एक हिवाळा लागला. त्यानंतर मात्र ते कोणाचे मिंधे राहिले नाहीत. बाण दाबत एकेका पुस्तकाचं नाव ऐकायचं, लेखकाला दोन शब्द सुनवायचे, पुढे जायचं. पुस्तक ऐकण्याइतकाच वेळ निवडण्यात जायचा. "याचं मागचंच पुस्तक रटाळ होतं, परत आला निर्लज्ज," असं त्यांचं चालायचं. समुद्रप्रवासाची पुस्तकं त्यांना आवडत, आणि ज्यात नायक शेवटी बरा होतो असली पुस्तकं ते ऐकता ऐकता बंद करत.

त्यांचा ब्राउझर जुना होता, हे मला माहीत होतं. तो बदलता येत नव्हता. मावशी त्याच ब्राउझरमध्ये बोलत; त्यांना बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती; आणि नवा ब्राउझर त्यांच्या संगणकावर चढतच नव्हता. तिन्ही एकमेकांना धरून उभे होते. एकाला हात लावला की तिघेही आडवे.

खरं तर जुन्या ब्राउझरने आमचं पान दाखवायला हरकत नव्हती. वेबची पानं लिहिण्याचे नियम सगळ्यांना सारखे आहेत, आणि त्यात एक शहाणपणा आहे: ब्राउझरला एखादी गोष्ट कळली नाही तर ती सोडून बाकीचं दाखवायचं. मथळा मथळा म्हणून लिहिला, यादी यादी म्हणून लिहिली, तर कितीही जुन्या ब्राउझरला ती वाचता येते. रंग जातील, सावल्या जातील, मजकूर राहील. पण आमच्या कंपनीत पान असं लिहीत नाहीत. आम्ही रिकामं पान पाठवतो आणि त्याच्या मागून एक मोठी स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरने पाळायच्या सूचनांचा गठ्ठा. ती येऊन पान भरते. स्क्रिप्टला मात्र तो शहाणपणा लागू नाही. तिच्यातली एक खूण ब्राउझरला अनोळखी निघाली, तर तो सगळी स्क्रिप्ट टाकून देतो. मग पान जसं आलं तसं राहतं. मावशी खोटं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी विषय काढला. आमच्या टीमच्या प्रमुखांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते कधी साध्या होडीत तरी बसले असतील का, याची मला शंका आहे. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर आलेख लावला. कोणत्या ब्राउझरमधून किती माणसं आली, त्याचे रंगीत खांब होते. जुन्या ब्राउझरच्या नावापुढे खांब नव्हता.

"शून्य," कॅप्टन म्हणाले. "एक टक्का असता तर मी विचार केला असता. शून्याचा काय विचार करू?"

"शून्य कसं असेल? काल माझ्या वडिलांनी तीनदा उघडली."

"मग ते आकड्यात का नाहीत?"

"तेच मला कळत नाहीये."

"नीट आठवून बघायला सांग त्यांना. दुसऱ्याच पत्त्यावर गेले असतील."

डिझायनर हसला. तो मनाने वाईट नाही. शांतता त्याला सोसत नाही. "माझी आजी मायक्रोवेव्हला टीव्ही म्हणते," तो म्हणाला.

"माझे वडील म्हणत नाहीत," मी म्हटलं.

"हे बघ," कॅप्टन जरा नरम आवाजात म्हणाले, "घरचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून काम केलं की काम बिघडतं. तुझे वडील आपले वापरकर्ते नाहीत. तुझे वडील आहेत."

मला उत्तरं उशिरा सुचतात. शाळेत प्रयोगाच्या तासालाही तसंच व्हायचं. माझं द्रावण बरोबर रंगाचं होईपर्यंत बाकीच्यांची भांडी धुऊन झालेली असत.

शून्य माझ्या डोक्यातून जाईना. कमी आकडा मला पटला असता. पण निखळ शून्य सहसा कशाचंच मोजमाप नसतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ उपकरण बंद आहे एवढाच असतो. दुपारी मी टेस्टरच्या टेबलाशी गेले. ती माझ्याहून वयाने मोठी आहे, ऑफिसातले जुने संगणक मोडीत जाऊ देत नाही आणि त्यांना आपली म्हातारी मंडळी म्हणते. त्यातला एक तिने लावून दिला. आम्ही जुना ब्राउझर उघडला, त्यात वाचनालयाची साइट. पान पांढरं. शेजारच्या पडद्यावर आलेख होता. आम्ही पुन्हा उघडली. पुन्हा पांढरं. आलेख हलला नाही.

"मोजणी कोण करतं?" तिने विचारलं.

"एक छोटी स्क्रिप्ट. पान उघडलं की ती कळवते, अमुक ब्राउझरमधून कोणी आलं."

"आणि ती असते कुठे?"

मी फाइल उघडून बघितली. वेग वाढावा म्हणून आम्ही सगळ्या स्क्रिप्ट एका गाठोड्यात बांधतो. मोजणारी स्क्रिप्टही त्याच गाठोड्यात होती. जुना ब्राउझर गाठोडं टाकून देत होता, त्याबरोबर मोजणाऱ्यालाही. ज्यांना पान दिसलं त्यांचीच नोंद होत होती. ज्यांना दिसलं नाही ते आलेच नव्हते.

"म्हणजे मोजणारा माणूस आपण दाराच्या आत बसवलाय," टेस्टर म्हणाली, "आणि तो सांगतोय, बाहेर कोणी ताटकळत नाही." ती हसली, मग हसायची थांबली. "आधीच्या सगळ्या साइटसुद्धा अशाच बांधल्यात ना गं आपण?"

आधीच्या साइटपैकी एक दवाखान्याची होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मोजायची दुसरी जागा होती. पान मागायला जो कोणी येतो त्याची नोंद पान पाठवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, स्वतः ठेवतो, पुढे त्याला पान दिसो न दिसो. ती नोंद मी मागवली आणि जुने ब्राउझर वेगळे काढले. आकडा मोठा नव्हता, पण लहानही नव्हता. काही शे माणसं येऊन रिकामं पान बघून गेली होती. कित्येक तर दोन-तीनदा आली होती. त्यातली बहुतेक थेट ध्वनिपुस्तकांच्या पानावर.

कॅप्टनना मी हे सगळं मांडून दाखवलं. त्यांना लगेच समजलं. ते मूर्ख नाहीत, आणि म्हणूनच पुढचं जास्त कठीण गेलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा परत घातला.

"पण आता काय करू, सांग. काम वाचनालयाने तपासून मंजूर केलंय. निम्मी टीम सोमवारपासून दुसऱ्या कामावर आहे. पुढच्या टप्प्यात घेऊ."

"पुढचा टप्पा कधी?"

"ठरला की सांगतो."

"जुनी साइट तरी चालू ठेवता येईल? तोपर्यंत?"

"ती त्यांच्या हातात आहे. विचारून बघ. माझी ना नाही."

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई फोनवर फार गोड बोलल्या. जुनी साइट सांभाळणारा माणूस गेला होता, ती ठेवणं सुरक्षित नाही असं त्यांना सांगण्यात आलं होतं. "आणि खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एकही तक्रार आलेली नाही हो. आली असती तर मला वर बोलता आलं असतं."

"तक्रार कुठे करायची असते?"

"साइटवरच. खाली डाव्या कोपऱ्यात जागा दिलीये ना तुम्ही. छान झालीये."

मी त्यांना समजावून सांगितलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. त्यांनी मनापासून म्हटलं असावं. मी आकड्यांची टिपणं पाठवली तर ती वरच्यांना दाखवायचं त्यांनी कबूल केलं, आणि त्यांनी ती दाखवलीही. महिनाअखेरची तारीख बदलली नाही.

मग एकच वाट उरली: बाबांनाच नवीन करायचं. मी नवा संगणक घेतला, त्यावर आम्ही वापरतो तोच ब्राउझर आणि पडदा वाचणारा नवा प्रोग्रॅम घातला. नवा आवाज जुन्यापेक्षा चांगला आहे. स्पष्ट आहे, मध्ये श्वास घेतल्यासारखा थांबतो.

"ही कोण?" बाबांनी विचारलं.

"नवीन आहे."

"फार शिकलेली दिसते." त्यांनी कीबोर्डवर हात ठेवले. "मावशींना पेन्शन बसली म्हणायची."

बाबा शिकायला मागे हटले नाहीत. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे जायची. ते आधीच खुर्चीत बसलेले असायचे, परीक्षेला बसल्यासारखे ताठ. पण कीबोर्डच्या जुन्या कळांची सवय त्यांच्या बोटांत होती. जिथे पूर्वी पुढचं पुस्तक यायचं तिथे आता खिडकी बंद व्हायची. जिथे आवाज थांबायचा तिथे आता तोच शब्द अक्षर अक्षर करून वाचला जायचा. चुकलं की ते "हां, हां" म्हणायचे, जणू चूक समोरच्याची आहे आणि आपण ती उदारपणे सोडून देतोय.

आणि आमचं पान नव्या ब्राउझरमध्ये उघडलं, तरी चालत नव्हतं. पुस्तकांची चित्रं कप्प्यांत मांडलेली होती. कप्प्यावर माउस नेला की तो वर उचलला जायचा. 'ऐका' असं लिहिलेला एक गोल होता. डोळ्यांना ते बटण होतं. नियमांनुसार मात्र ते बटण नव्हतं, नुसता रंगवलेला चौकोन, त्याचे कोपरे गोल केलेले. कीबोर्डने पुढे पुढे जाणाऱ्या माणसाला तो लागतच नाही. मला बाबांसमोर बसून, माझ्याच पानावर, पुढची कळ दाबायला सांगावं लागत होतं. आवाज पुस्तकाच्या नावावरून थेट पानाच्या तळाशी जात होता.

"बटण आहे म्हणालीस ना?"

"आहे. दिसतंय मला."

"दाबलं जात नाही आणि बटण?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे असं निघालं असतं तर माणसं मजल्यावरच म्हातारी झाली असती, आणि मला त्यांच्या लग्नकार्यापर्यंतचा हिशोब द्यावा लागला असता."

मी हसले. ते हसले नाहीत. ते पुन्हा कळ दाबत होते.

त्या आठवड्यात मी ते सगळे चौकोन बदलून खरी बटणं केली. काम एका दुपारचं होतं. कळ दाबत गेलं की एकेक बटण येत होतं, आणि आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून त्याभोवती निळी चौकट उमटत होती. टेस्टरने तपासलं. डिझायनरने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ही चौकट काय आहे?"

"आपण कुठल्या बटणावर आहोत ते कळतं."

"कोणाला?"

"ज्याला कळायला हवं त्याला."

"ती घालव ना यार. सगळं पान जखडल्यासारखं दिसतं."

चौकट ठेवायची की नाही यावर कॅप्टननी निर्णय दिला नाही. मंजूर झालेल्या कामात बदल म्हणजे पुन्हा मंजुरी, असं ते म्हणाले. माझा बदल मंजुरीसाठी रांगेत लागला. तो अजून तिथेच आहे. रोज सकाळी संगणक उघडला की मला त्याचं नाव दिसतं.

बाबांना मी हे सांगितलं. खोटी आशा दाखवायला मला जमलं नाही. पुढचा टप्पा ठरलेला नाही, असं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुला फार बोलणी बसली का?"

"नाही. सगळे चांगलं बोलले."

"मग अवघड आहे," ते म्हणाले.

महिना संपताना जुन्या साइटवरची त्यांची शेवटची दोन पुस्तकं त्यांनी ऐकून संपवली. दुसरं त्यांना आवडलं नव्हतं, तरी शेवटपर्यंत ऐकलं. पहिल्यांदाच असं झालं. नंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा जुना संगणक भिंतीशी ठेवलेला होता, वायर व्यवस्थित गुंडाळून. नवा टेबलावर होता, बंद. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली होती. तिथून त्यांना काही दिसत नाही.

"शिकवणी आज नको," ते म्हणाले.

"थोडा वेळ बसू या."

"नको गं. बोटं ऐकत नाहीत. रोज तू धावत येतेस, मी रोज नापास होतो. दोघांनाही सुट्टी देऊ."

"मी लावून देते पुस्तक. माझ्या फोनवरून. नावं वाचून दाखवते, तुम्ही सांगा."

मी वाचायला लागले. दहा-बारा नावं वाचली असतील. प्रत्येक नावानंतर मी थांबत होते, त्यांनी लेखकाला दोन शब्द सुनवावेत म्हणून. ते नुसती मान हलवत होते. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, आणि तो दमलेला होता. तो दमलेला वाटू नये म्हणून मी जरा चढवला. तेही त्यांना कळलं असणार.

"लाव ना कुठलंही," ते म्हणाले. "तुला बरं वाटेल ते."

मी खूप विचार करून एक निवडलं. समुद्रावरचं, जुन्या जहाजाचं. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता. बाबांनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. अजूनही ऐकताना ते डोळे मिटतात. मी शेजारी बसले. पहिल्या प्रकरणात जहाजावरचा आचारी आणि खलाशी भांडत होते. भांडण रंगत गेलं. आचारी काहीतरी बोलायला तोंड उघडतो, इथवर वाचणारा आला, आणि आचाऱ्याने बोलायच्या आधीच बाबांच्या ओठाचा कोपरा हलला.

मग आचारी बोलला. वाक्य खरोखरच गमतीचं होतं.

त्यांनी हे पुस्तक आधी ऐकलं होतं. कधी, ते मला माहीत नव्हतं. काय ऐकलं, काय राहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक असायचं, मला कधी विचारावं लागलं नव्हतं. मी फोनकडे हात नेला. दुसरं लावता आलं असतं. पण मग मला त्यांना सांगावं लागलं असतं की मला कळलं. आणि त्यांनाही कबूल करावं लागलं असतं की माझं मन राखायला ते गप्प बसले होते.

"छान आहे," बाबा म्हणाले. "चालू दे."

मी हात मागे घेतला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. तो आवाज थांबेपर्यंत एक वाक्य बुडालं. बाबांनी मागचं लाव म्हणून सांगितलं नाही. त्यांना ते वाक्य येत होतं.